लॉनचं मशीन आणि ह्यांचे कान

लॉनवर कुणाचं लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळीवर हात टेकला की खालच्या मातीचं काय झालंय ते कळतं. वरून गवत हिरवंच दिसतं. खाली मात्र डांबरी रस्ता झालेला असतो. वऱ्हाडाचे पाय, खुर्च्यांचे पाय, केटररच्या हातगाड्या, नवरदेवापुढे नाचणाऱ्या पोरांच्या उड्या, सगळं त्या मातीनं अंगावर घेतलेलं असतं. आपली सोलापूरची काळी माती पाण्यात लोणी आणि उन्हात दगड. दाबून बसली की पाणी आत घेत नाही. पाइप सोडला तर पाणी वरच्यावर पळतं आणि दारात चिखल होतो, गवताची मुळं आपली तहानलेलीच.

जुळे सोलापूरच्या पलीकडे, घरं संपतात तिथे आमच्या अण्णांचं लग्नाचं लॉन होतं. अण्णा म्हणजे लॉनचे मालक. वयानं आमच्यापेक्षा लहान, पण त्यांना सगळेच अण्णा म्हणायचे, म्हणून आम्हीही. ते ह्यांना मामा म्हणत आणि मला मामी. लॉनच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती, पत्र्याची, पुढे कडुनिंब. त्या खोलीत आम्ही दोघं राहिलो. आता आम्ही कुंभारीला घरकुलात राहतो, घर पक्कं आहे, छत पत्र्याचं नाही. तरी दुपारी हे झोपले आणि मी अशी वही घेऊन बसले की मला ती पत्र्याची खोलीच दिसते. कुणाला दाखवायला लिहीत नाही. लिहिलं की जरा वेळ तिथे जाऊन आल्यासारखं होतं, एवढंच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला सगळ्यात आवडायची. पहाटे मांडववाले झोपलेले असत, सतरंज्यांच्या ढिगावरच. गवतात झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, कुणाच्या तरी पोराचा एक बूट. एकदा पैंजण सापडलं होतं, ते अण्णांच्या हातात दिलं. तांदळावर साळुंक्या यायच्या आणि अशी भांडणं करायच्या की आदल्या रात्रीचे मानपानवाले पाहुणे परवडले. आचारी जाताना एका डब्यात जिलेबी ठेवून जायचा. आम्ही दोघं कडुनिंबाखाली चहाबरोबर ती गार जिलेबी खायचो. एवढ्या लोकांची लग्नं आम्ही पाहिली, पण आमचं स्वतःचं लग्न गावात ओसरीवर झालेलं. हे जिलेबी खाताना म्हणायचे, आपल्या लग्नात जे राहिलं ते आता रोज खातोय.

हे आधी मागावर होते. टॉवेलच्या कारखान्यात, यंत्रमागावर, जवानीपासून. कारखाना बंद झाला तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं लॉनवर आलो. मागाचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. तिथे माणूस माणसाच्या कानात ओरडला तरी पोचत नाही. म्हणून मागावरचे सगळे हातानं बोलतात. दोन बोटं जोडून एकदम फाकवली की धागा तुटला. मिशीवरून हात फिरवला की मालक आले. अंगठा ओठाला लावला की चहा. हे घरी आले तरी हातानंच बोलायचे. लग्न होऊन नवीन होते तेव्हा मला वाटायचं, हा माणूस माझी थट्टा करतो. सासूबाई म्हणाल्या, थट्टा न्हाय गं, सवय हाय. मग मीही शिकले. मला तर बरंच झालं. मला चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, अजूनही पडतो. हातानं बोलायला लाज वाटत नाही.

मागानं ह्यांचे कान नेले. एका दिवसात नाही. आधी चिमणीचा आवाज गेला, मग दाराची कडी, मग कुकरची शिट्टी. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून ह्यांना सगळं कळायचं. पाठीमागून बोललं तर भिंतीशी बोलल्यासारखं. ही गोष्ट अण्णांना माहीत नव्हती. आम्ही सांगितली नव्हती. अण्णा बोलायला लागले की हे त्यांच्या तोंडाकडे एवढं नीट बघायचे की अण्णांना वाटायचं, काय मान देतो हा माणूस. काही सुटलंच तर मी तेच वाक्य पुन्हा म्हणायची, जशी काही मलाच शंका आहे. फोन आला की मी उचलायची आणि म्हणायची, ते झाडाला पाणी घालतात, निरोप सांगा. फोनवर बोलताना मला घाम यायचा. अण्णा लोकांना सांगायचे, आमचे मामा लई कमी बोलतात, पण काम बघा.

मशीन यायच्या आधी मातीत भोकं पाडायचं काम पहारीनं व्हायचं. जवळच्या वस्तीतल्या बायका यायच्या आणि आम्ही ओळीनं मागे मागे सरकत पहार मारत जायचो. हाताला फोड, पण गप्पा भरपूर. मग अण्णांनी पुण्याकडच्या कुठल्या क्लबातून जुनं मशीन आणलं. त्याचं नाव एरेटर. आम्ही भोकाचं मशीन म्हणायचो. पुढे पेट्रोलचं इंजिन, खाली एक जड रोळ, त्या रोळाला चहूबाजूंनी पोकळ नळ्या. रोळ फिरला की नळ्या मातीत घुसायच्या आणि मातीची बोटभर वळकटी बाहेर काढून टाकायच्या. मागे हँडल आणि हँडलला खालून एक दांडी. दांडी हँडलला दाबून धरली तर मशीन पुढे चालायचं. हात सोडला की दांडी खाली पडायची आणि मशीन जागेवर थांबायचं. माणूस पडला, घसरला, चक्कर आली, काही झालं तरी हात सुटतोच, म्हणून ती सोय.

मशीनबरोबर एक मिस्त्री आला होता. त्यानं एकदाच चालवून दाखवलं. हे त्याच्या हाताकडे बघत होते. तो गेल्यावर ह्यांनी मशीन चालू केलंच नाही. अर्धा दिवस नुसतं बंद करायला शिकले. डोळे मिटून हात न्यायचा आणि इंजिनचं बटण शोधायचं, पुन्हा पुन्हा. मी विचारलं, हे काय चाललंय. तर म्हणाले, "चालू करायला कुणीबी शिकतंय. बंद कुटं करायचं ते हाताला आधी ठावं पाहिजे."

गणपती झाले की तुळशीच्या लग्नाच्या आत सगळं लॉन एकदा मशीनखालून काढायचं असायचं, कारण नंतर लग्नसराई. आदल्या दिवशी पाणी द्यायचो, माती मऊ पडेल एवढंच, चिखल होईल एवढं नाही. सकाळी मी आधी सगळं लॉन चालून यायची. मांडववाले लोखंडी खुंटे ठोकतात आणि निघाला नाही तर वरून ठेचून तसाच सोडून जातात. असा खुंटा नळीखाली आला तर नळी तुटते, नाही तर मशीन बैलासारखं उधळतं. खुंटे, काचा, खडे वेचायचे. पाण्याच्या फवाऱ्यांपाशी आणि दिव्याच्या वायरी जिथून गेल्या तिथे काड्या रोवायच्या, काडीला जुन्या टॉवेलची लाल चिंधी. ह्यांनी पेट्रोल भरायचं ते इंजिन गार असतानाच. नळ्यांत माती अडकली तर इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून ठेवून, मगच हात घालायचा. वळताना नळ्या वर उचलायच्या. हे सगळं हे अशा कडकपणे पाळायचे की मला हसू यायचं. पण मागावर त्यांच्या शेजारच्या माणसाची बोटं गेली होती, ते त्यांनी पाहिलेलं.

मशीन चालू असताना मी पुढे, जरा बाजूला, लांब उभी राहायची, ह्यांच्या नजरेसमोर. कुणी आलं, काही दिसलं, की हात वर करायची. हे दांडी सोडायचे, मशीन थांबायचं. मागून कुणीही ह्यांच्याजवळ जायचं नाही, हा आमचा नियम. मागावरही मागून कुणी कुणाला हात लावत नाही, दचकला तर हात चालू मागात जातो. अण्णा बघायला आले की म्हणायचे, जोडीनं काम करताय, लग्नाचंच लॉन शोभतंय. मी पदर ओढून घ्यायची. त्यांना वाटायचं मी हौसेनं उभी आहे. मी ह्यांचे कान म्हणून उभी होते.

एका वर्षी पावसाळ्यात अण्णा तोंड उतरवून आले. दुसऱ्या एका लॉनवर माळी गाडीखाली सापडला होता, गाडी मागे घेत होते आणि त्याला हॉर्न ऐकू आला नाही. जीव वाचला, पाय गेला. मालकाला पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागत होते. अण्णा कडुनिंबाखाली बसून मला म्हणाले, "मामी, मशीनवर माणूस डोळ्याकानानं धडच पाहिजे. आता ठेकेदार मिळतात, माणसं त्यांची, मशीन त्यांचं, काय झालं तर तेच बघतात. समदे तसंच करायलेत. आपले मामा हायेत म्हणून मी गप हाय."

हे तेव्हा पाइप गुंडाळत होते, पाठ आमच्याकडे. ह्यांना त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. मीही सांगितलं नाही. ठेकेदाराची माणसं आली म्हणजे ही खोली त्यांची, हे मला न सांगता कळत होतं. ह्या वयात ह्यांना कुणी नवीन काम देणार नव्हतं. मी एवढंच केलं की त्या दिवसापासून ह्यांच्या आणखी जवळ राहायला लागले. हे पाणी प्यायला गेले तरी मी मागोमाग. हे वैतागून म्हणाले, "काय गं, मी काय हरवतोय का?"

त्याच वर्षीची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. अण्णा दर वर्षी सगळी अवजारं लॉनवर मांडायला सांगायचे. आम्ही खुरपी, विळे, पहारी, पाण्याची मोटर, गवत कापायचं मशीन, सगळं धुऊन पुसून ओळीनं लावलं. मधोमध भोकाचं मशीन. त्या वर्षी मिस्त्रीकडून दुरुस्त होऊन, नवा रंग लागून आलेलं, म्हणून त्याचा मान मोठा. अण्णांच्या आई आल्या होत्या. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणायचे. त्या अक्कलकोटकडच्या, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलायच्या. गुडघे धरलेले, म्हणून त्यांना समोर खुर्ची दिली. मांडववाल्यांची चार माणसं होती, आचारी होता. मी खोलीच्या कोपऱ्याशी उभी राहिले. बायकांत फक्त अव्वा आणि मी, तरी मला पुढे जायला संकोच वाटत होता.

अव्वांनी खुर्चीतून उठून स्वतः मशीनला हळदकुंकू लावलं. मग झेंडूचा हार हँडलला घातला आणि तो पडू नये म्हणून वरून लाल नाडा गुंडाळला. घट्ट, फेऱ्यांवर फेरे, वर गाठ. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला देवाचं काम करताना केवढी ताकद येते. मग त्या खुर्चीत जाऊन बसल्या. रांगोळी, आरतीचं ताट, नारळ, सगळं मशीनच्या पुढे होतं आणि त्याच्या पुढे त्यांची खुर्ची.

नारळ फुटला. मग मांडववाल्यांतला एक म्हणाला, नव्या गाडीखाली लिंबू ठेवतात, ह्याच्याखाली पण ठेवा की, नाहीतर रुसंल. सगळे हसले. अण्णांनाही पटलं. खरं तर खंडेनवमीला पूजा झालेलं अवजार वापरत नाहीत, अव्वांनी तसं म्हटलंही. अण्णा म्हणाले की वापरायचं नाही, फक्त लिंबावरून जरासं पुढे, शकुनापुरतं. त्यांनी रोळाखाली लिंबू ठेवलं आणि ह्यांच्यासमोर येऊन सांगितलं, मामा करा चालू.

हे मशीनपाशी गेले. रोजची रीत अशी, की इंजिन लावायची दोरी ओढायच्या आधी हँडलखाली हात घालून दांडी मोकळी आहे का ते चाचपायचं. मी हे रोज पाहत आले होते. त्या दिवशी त्यांचा हात हँडलपर्यंत गेला आणि थांबला. तिथे अव्वांचा हार होता. देवाच्या फुलात हात कसा घालायचा. त्यांनी हाराला नमस्कार केला आणि दोरीपाशी वाकले.

मी जिथे उभी होते तिथून मशीनची बाजू दिसत होती. फुलांच्या खालून दांडी दिसायला हवी होती, लोंबलेली. ती दिसत नव्हती. मग नाडा दिसला. नाडा हँडलला नव्हता, हँडलला आणि दांडीला दोघांना मिळून होता. दांडी हँडलला चिकटून वर बांधली गेली होती. म्हणजे इंजिन लागलं की मशीन चालणारच, कुणाचा हात असो नसो.

मी हात वर केला. हे खाली वाकलेले. मी दोन पावलं पुढे आले, पुन्हा हात केला, दोन्ही हात केले. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. सगळे लिंबाकडे बघत होते. मी अहो म्हटलं. ते माझ्या पदराच्या आतच राहिलं.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ते नाव मी इथेही लिहीत नाही. पण त्या दिवशी मी ते घेतलं. मोठ्यानं, भिंतीपलीकडच्या रस्त्यापर्यंत जाईल असं, आणि एकेरीत. माझा एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मांडववाले वळले. आचारी वळला. अण्णा वळले. अव्वांनी कपाळाला हात लावला. हे वळले नाहीत. ह्यांनी दोरी ओढली.

इंजिन लागलं आणि मशीन सुटलं. लिंबू गेलं, रांगोळी गेली, आरतीचं ताट नळ्यांखाली चेपलं. अण्णांनी अव्वांना खुर्चीसकट बाजूला ओढलं, तेवढं त्यांना सुचलं ते माझ्या ओरडण्यानं, कारण ते सगळे आधीच दचकून सावध झाले होते. आणि हे, ज्यांना काहीच कळलं नव्हतं, ते मशीनबरोबर पळत जाऊन एका झटक्यात इंजिनच्या बटणावर पोचले. फुलांत हात अडकला नाही, शोधावं लागलं नाही. मशीन बंद झालं. खुर्ची जिथे होती त्याच्या अलीकडेच.

कुणाला खरचटलंही नाही. अव्वा खुर्चीचे हात धरून बसल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवडी वरडलीस गं बाई, माझ्या बहिऱ्या कानाला ऐकू आलं. तुझ्या नवऱ्याला कसं न्हाय?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण अण्णा ऐकत होते. हे तेव्हा मशीनपाशी बसून प्लगची वायर काढत होते, पाठ सगळ्यांकडे. अण्णा हळूहळू चालत ह्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. अगदी जवळ. आणि साध्या आवाजात म्हणाले, मामा. हे वायर काढत राहिले. अण्णा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मांडववाल्यांपैकी कुणी हसलं नाही. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं.

अण्णा माझ्याकडे आले. "कधीपास्नं, मामी?"

"मागावरच गेले," मी म्हटलं.

"आणि मला एवढी वर्षं?"

अण्णा वळले. अव्वांना गाडीत बसवलं आणि गेले. मांडववाले आपापसांत कुजबुजत सतरंज्या उचलायला लागले. एक जण जाता जाता मला म्हणाला, "मामी, तुमी रोज नाव घ्यायला पाहिजे हुतं, सवय लागली आसती त्यांना." चांगल्या मनानंच म्हणाला तो. मी चेपलेलं ताट उचललं आणि खोलीत गेले.

ह्यांना कळलं होतं की काहीतरी झालंय, पण काय ते नाही. नाडा कापून दांडी मोकळी करून ते आत आले आणि माझ्यासमोर बसले, मी बोलेन म्हणून ओठांकडे बघत. मी सगळं सांगितलं, पावसाळ्यात अण्णा बोलले होते ते सुद्धा. ह्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे बघितलं. मग म्हणाले, "तू हाक मारलीस?"

मी मान हलवली.

"काय म्हणून?"

मी लाजले. इतक्या सगळ्यात मला लाज कसली वाटावी, पण वाटली. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले. ह्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "परत म्हण की." मी नाही म्हटलं. चहा ठेवायला बाहेर चुलीपाशी आले. हे मागून बरंच काही बोलत होते, मी चुलीकडे तोंड करून बसले, म्हणजे आज मलाही ऐकू येत नव्हतं.

चहा पिऊन ह्यांनी खोलीतलं सामान आवरायला घेतलं. भांडी एका पोत्यात, अंथरुणं दोरीनं बांधून दाराशी. मी थांबवलं नाही. मला वाटलं, अण्णांनी जा म्हणून सांगितल्यावर जाण्यापेक्षा हे बरं. कडुनिंबाखाली आमची चूल होती, तिच्या विटा तेवढ्या ह्यांनी उचलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी अण्णा आले, एकटेच. हातात आपट्याची पानं. दाराशी बांधलेली अंथरुणं त्यांनी बघितली. ह्यांनी पुढे होऊन सोनं घेतलं, आम्ही त्यांना दिलं. मग अण्णा ह्यांच्या समोर उभे राहिले, तोंडाकडे तोंड करून, आणि एकेक शब्द सुटा करून बोलले. मला ते बघून कसंतरी झालं. आदल्या दिवसापर्यंत ते असं बोलायचे नाहीत. ते म्हणाले की मशीनला मामांनी हात लावायचा नाही. अव्वांना काय झालं असतं तेच त्यांना रात्रभर दिसत होतं. ह्यांनी मान हलवली आणि अंथरुणाची दोरी पकडली.

अण्णांनी ह्यांच्या दंडाला धरून पुन्हा आपल्याकडे वळवलं. "माझं झालं न्हाय, मामा. मशीन मामी चालवतील. तुमी पुढं हुबं ऱ्हायचं. खुंटे तुमी वेचायचे, चिंध्या तुमी लावायच्या. डोळे चालतात की तुमचे. आणि पूजेला मशीनला हार घालायचा तर इंजिनवर, हँडलवर न्हाय. अव्वाला मी सांगितलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, मला नाही जमणार. अण्णा म्हणाले, "मामी, काल जे जमलं त्याच्यापेक्षा सोपं हाय." आणि घाईनं निघाले, दसऱ्याची घरं बाकी होती.

हे उभेच होते. मला वाटलं अपमान वाटला असेल. बायकोच्या हातात मशीन आणि स्वतः चिंध्या लावायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला भीत होते. ते माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होते.

"चपला चालायच्या न्हाईत," म्हणाले. "नळी लागली तर बोट जाईल. बूट पाहिजेत."

मी म्हटलं, बाईमाणसाला बूट कुठे मिळतात. तर म्हणाले, पोलिसातल्या बायका काय अनवाणी फिरतात का. आणि सामान सोडायच्या आधी, अंथरुणं तशीच दाराशी ठेवून, मला घेऊन बाजारात गेले. दसऱ्याची गर्दी. दुकानातल्या माणसानं मला आधी सँडल दाखवल्या, मग हिरव्या रंगाचं काहीतरी. हे म्हणाले, कामाचे दाखवा. शेवटी कारखान्यातले कामगार घालतात तसले काळे, जड, पुढे लोखंडी टोपी असलेले मिळाले. माझ्या मापाचे नव्हते, एक नंबर मोठे. ह्यांनी दुकानातच खाली बसून माझ्या पायात घातले, पुढे कापूस कोंबून बघितला, नाडी कशी बांधायची ते दाखवलं, टोकं आत खोचून, लोंबली तर अडकतात म्हणून. दुकानात बायका उभ्या होत्या. मी लुगड्याखाली पाय लपवायला बघत होते आणि हे ओरडून म्हणत होते, ज्यांना ऐकू येत नाही ते ओरडूनच बोलतात, "चालून दाखव. बोटं हालत्यात का आत?"

तुळशीच्या लग्नाच्या आत आम्ही सगळं लॉन काढलं. पहिले दोन दिवस त्यांनी मला मशीन चालू करूच दिलं नाही. डोळे मिटून बटण शोधायला लावलं. लुगडं कसं खोचायचं, मंगळसूत्र आत घालायचं, बांगड्या काढून खिळ्याला अडकवायच्या, दांडी आधी चाचपायची, मग तिच्यावर फूल असो नाहीतर देव असो. मास्तर म्हणून ते फार वाईट होते. माझं वळण चुकलं की दोन्ही हात वर करून असे नाचायचे की मला दांडी सोडून हसावं लागायचं. मग मशीन थांबायचं, आणि ते म्हणायचे, बरोबर, अशीच सोडायची.

लॉन विकलं जाईपर्यंत आम्ही त्या खोलीत राहिलो. आता तिथे इमारती आहेत. मधल्या वर्षांत मी ते मशीन चालवलं, दर वर्षी, आणि हे पुढे बाजूला, लाल चिंध्यांच्या काड्या हातात घेऊन उभे. माझ्या मागे मातीच्या वळकट्या पडत जायच्या. दुपारपर्यंत त्या उन्हात वाळायच्या आणि संध्याकाळी पाणी सोडलं की ते पाणी पळायचं नाही. जागच्या जागी आत जायचं. आम्ही दोघं काठावर बसून ते बघायचो. मी बूट काढून पाय गवतात ठेवायची. हे म्हणायचे, डाव्या कोपऱ्यात भोकं दाट मारली नाहीस, पाणी बघ कसं साचलंय. मी म्हणायची, उद्या मारते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी जाऊन तोच कोपरा काढायची.